धागा किती ओढावा?

‘तुटेपर्यंत ताणू नये’ अशी आपल्या भाषेत एक म्हण आहे. भांडणाऱ्या भावांना, हट्टी सुनेला आणि त्याहूनही हट्टी सासूला वडीलधारी माणसे ती सांगत आली आहेत. म्हण खरी आहे. परंतु ती अपुरी आहे, असे आम्हांस नम्रपणे म्हणावयाचे आहे. ती केवळ शेवटची सीमा दाखविते. धागा तुटला म्हणजे ताण अधिक झाला, हे कोणासही कळते. परंतु तुटण्याच्या पुष्कळ अलीकडे, धागा शाबूत असतानाच, ताणामुळे जे बिघडते त्याविषयी ही म्हण मौन धरते. ते जाणून घ्यावयाचे असेल तर मोठमोठे ग्रंथ उघडण्यापूर्वी, दोन सुया आणि लोकरीचा गुंडा घेऊन ओसरीवर बसलेल्या एखाद्या आजीच्या शेजारी घटकाभर बसावे. तिच्या बोटांना जे ठाऊक असते ते पुष्कळदा आपल्या बुद्धीला उशिरा कळते.

देवस्थानच्या पत्रिकेत विणकामाची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, सभामंडपात बसून आपण ज्या समत्वाचे निरूपण ऐकतो, तेच समत्व विणणारी स्त्री बोटांनी शोधीत असते. तिचा नित्याचा प्रश्न हाच असतो की, सर्व टाके सारखे कसे यावेत? एक घट्ट, एक सैल, एक ओळ दाटलेली, दुसरी पसरलेली, असे का होते? आणि या प्रश्नाच्या पोटात एक नीतीचा प्रश्न दडलेला आहे. समता ही ओढून आणता येते काय? माणसाने स्वतःवर, मुलांवर, सोबतच्या माणसांवर लगाम आवळला म्हणजे आयुष्याचे वस्त्र एकसारखे उतरते काय? की समतेचे रहस्य दुसरीकडेच कोठे आहे?

प्रथम शब्दाकडेच पाहू. ‘ताण’ हा शब्द संस्कृतातील ‘तन्’ या धातूपासून निघाला. तन् म्हणजे ताणणे, पसरणे, विस्तारणे. तंतू त्याच धातूचा, तंत्र त्याच धातूचे आणि विणकराच्या मागावरील ताणाही त्याच घरातला. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ‘संतान’ आणि ‘संतती’ हे शब्दही त्याच धातूपासून झालेले आहेत. न तुटता पुढे चालत राहणारा धागा तो संतान. या नात्याकडे आपण पुढे पुन्हा वळणार आहोत.

आता माग आणि सुया यांतील भेद पाहावा. आपल्या गोव्यात कुणबी स्त्रियांचे तांबड्या चौकड्यांचे लुगडे प्रसिद्ध आहे. मधल्या काळात ते मागे पडले होते. त्यास पुन्हा लोकांसमोर आणण्यात २०२० साली दिवंगत झालेले वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांचा मोठा वाटा होता. असे लुगडे मागावर विणले जाते. मागावर उभे धागे दोन टोकांना बांधून आधीच ताणलेले असतात. तेथे ताण सांभाळण्याचे अर्धे काम लाकडाची चौकट करते. विणकराचे कौशल्य मोठे असते खरे, परंतु त्याला पाठीशी एक स्थिर आधार असतो. सुयांच्या विणकामात असा आधारच नाही. येथे ताणा नाही आणि बाणाही नाही; एकच धागा, त्याचाच फास, त्या फासातून काढलेला दुसरा फास, आणि अशा शेकडो फासांची मिळून झालेली एक टोपी अथवा एक स्वेटर. चौकट म्हणून जे काही आहे ते विणणारीचे हात. म्हणूनच तिचा राग, तिची घाई, तिचा थकवा हे सर्व टाक्यांत उतरते. बाहेरच्या शिस्तीने चालणे आणि आतल्या शिस्तीने चालणे यांत जो फरक आहे, तोच माग आणि सुया यांत आहे.

टाक्याचे माप मुख्यतः तीन गोष्टींनी ठरते: सुईची जाडी, धाग्याची जाडी आणि बोटांतून धागा किती अडून अथवा किती मोकळा सरकतो ते. पहिल्या दोन गोष्टी दुकानातून विकत मिळतात. तिसरी मिळत नाही.

नवशिक्या मुलीस वाटते की टाका घट्ट झाला पाहिजे, म्हणजे काम पक्के होईल. म्हणून ती प्रत्येक टाक्यानंतर धागा ओढते. त्यातच तिची दुसरी सवय मिसळते. ती सुईच्या निमुळत्या टोकावरच टाका तयार करते. वस्तुतः सुईचे टोक हे केवळ फासात शिरण्यासाठी आहे. टाक्याचे माप सुईच्या पूर्ण जाडीच्या भागावर ठरावयाचे असते. टोकावर ओढलेला टाका सुईच्या जाडीपेक्षा लहान होतो, पुढच्या ओळीत सुई त्यात शिरेनाशी होते, आणि मग तिला बळाने घुसवावे लागते. ज्या टाक्यात बळ लावावे लागले तो एका बाजूने फाकतो. अशा रीतीने घट्टपणातूनच सैलपणा जन्मास येतो. यावर उपाय अगदी साधा आहे. नवा टाका सुईच्या जाड भागापर्यंत सरकवावा, तेथे त्यास त्याचे माप घेऊ द्यावे, आणि धागा ओढू नये. तो नुसता धरावा.

धागा धरण्याची रीतही सारखी असली पाहिजे. पुष्कळ जणी तो करंगळीभोवती एक वेढा देऊन, मधल्या बोटांखालून नेऊन तर्जनीवरून काढतात. कोणी उजव्या हातात धरते, कोणी डाव्या. कोणती रीत श्रेष्ठ हा वाद व्यर्थ आहे. रोज तीच रीत असावी, एवढेच महत्त्वाचे. ज्यांचे टाके सैल पडतात त्यांनी बोटाभोवती एक वेढा वाढवावा. ज्यांचे घट्ट पडतात त्यांनी एक वेढा कमी करावा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असते, बोटांना घाम येतो, आणि धागा चिकटून अडखळत सरकतो. अशा वेळी हात धुऊन कोरडे करावेत, आणि घट्ट विणणारीने गुळगुळीत धातूच्या सुया घ्याव्यात. उलट, सैल विणणारीस बांबूच्या अथवा लाकडाच्या सुया मानवतात, कारण त्या टाक्यास किंचित धरून ठेवतात. लोकरीचा गुंडा मोकळा गुंडाळावा. तो एखाद्या पितळी तांब्यात ठेवला तर इकडेतिकडे पळत नाही, आणि मधून मधून हातभर धागा आधीच सोडवून घ्यावा. म्हणजे प्रत्येक टाक्याला गुंड्याशी झगडा करावा लागत नाही. ओळ अर्धी ठेवून उठू नये, कारण सुईवर ताणून राहिलेले टाके पुढे खुणेसारखे उमटतात.

एवढे करूनही मोठे काम आरंभण्यापूर्वी एक नमुना विणून पाहावा. मध्यम जाडीच्या लोकरीस ४ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटर रुंदीत साधारणपणे २२ टाके धरतात. समजा, एखाद्या मुलाच्या स्वेटरच्या पुढच्या भागास ६६ टाके घालावयास सांगितले आहेत. २२ च्या हिशेबाने ते ३० सेंटिमीटर होतात. परंतु जिच्या हाताला १० सेंटिमीटरमध्ये २४ टाके बसतात तिचा भाग २७.५ सेंटिमीटरचा होईल, आणि जिचे २० च बसतात तिचा ३३ सेंटिमीटरचा. सुई तीच, लोकर तीच, आकडा तोच, आणि फरक साडेपाच सेंटिमीटरचा. घट्ट हाताच्या स्त्रीने यावर हात बदलू नये. तिने सुई अर्ध्या मापाने जाड घ्यावी. सैल हाताच्या स्त्रीने बारीक घ्यावी. नमुना धुऊन, सपाट वाळवून, कडा सोडून मधले टाके मोजावेत. तासाभराचे हे काम पुष्कळांना व्यर्थ वाटते. परंतु आपला हात कसा आहे हे आधी जाणून घेणे यासच आत्मपरीक्षण म्हणतात. जगाचे माप घेण्यास निघालेली किती माणसे स्वतःचा नमुना विणून पाहतात, हा प्रश्न ज्याचा त्याने मनाशी विचारावा.

आता ज्या गोष्टीने आम्हांस हा लेख लिहिण्यास प्रवृत्त केले तिच्याकडे येऊ. सुयांवर सपाट विणताना एक ओळ सुलट आणि परतताना दुसरी उलट अशी जाते. पुष्कळ जणींची उलट ओळ सुलट ओळीहून किंचित सैल पडते, कारण उलट टाक्यात धाग्याला थोडा वेगळा मार्ग घ्यावा लागतो आणि हाताचा पकडही बदलतो. कापडावर मग आडव्या पट्ट्या दिसू लागतात: दोन ओळी जवळ, मग फट, पुन्हा दोन ओळी जवळ. यावर जाणत्या विणकरणींचा एक उपाय आहे. सुलट ओळीस एक सुई आणि उलट ओळीस तिच्याहून थोडी बारीक सुई त्या वापरतात. दोन सुया असमान, म्हणूनच दोन ओळी समान!

वाचकहो, या लहानशा युक्तीचा अर्थ फार मोठा आहे. सर्वांस एकच माप लावणे म्हणजे समता, असे आपण सहज म्हणून जातो. घरात दोन मुले असतात. एक भित्रे, एक दांडगे. दोघांना एकाच आवाजात रागावले तर बाप म्हणतो, ‘आम्ही भेदभाव करीत नाही.’ परंतु त्या आवाजाने भित्रे मूल दाटून जाते आणि दांडग्यावर काहीच उमटत नाही. वस्त्रावर पट्ट्या उठतात त्या अशाच. समता ही सुईत पाहावयाची नसून वस्त्रात पाहावयाची असते. जो खऱ्या अर्थाने सर्वांस समान मानतो त्यास प्रत्येकासाठी निराळी सुई शोधण्याचे कष्ट पडतात. ते टाळून एकाच सुईचा अभिमान बाळगणे हा आळस आहे, न्याय नव्हे.

या संदर्भात पोर्तुगालमधील विणकामाची एक रीत सांगण्यासारखी आहे. पेडणे, डिचोली हे आपले महाल १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीज अमलाखाली आले आणि १९६१ च्या डिसेंबरात तो अंमल संपला; त्या राज्याच्या भल्याबुऱ्या आठवणी आपल्या घरोघरी आहेत. परंतु तेथील सामान्य स्त्रिया कशा विणतात हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या धागा बोटांत अडकवून न धरता मानेमागून घेतात, अथवा पोलक्यावर खांद्याशी लावलेल्या लहान आकड्यातून काढतात, आणि अंगठ्याच्या हलक्या झटक्याने सुईवर टाकतात. धागा समोरून येत असल्यामुळे त्यांना उलट टाका सर्वांत सोपा जातो! आपल्याला जे अवघड ते त्यांना सहज. यावरून हे समजावे की, टाका मुळात अवघड नसतो. धागा आपण कोठे अडकविला आहे त्यावर अवघडपणा ठरतो. स्वभावतः वाईट म्हणून ज्या माणसास आपण सोडून देतो, त्याच्याकडे जाणारा आपलाच धागा वाकडा जात नाही ना, हे एकदा तपासून पाहण्यास हरकत नसावी.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट. ओळीत एखादा टाका सैल दिसला की नवशिकी तो सुईच्या टोकाने ओढून घट्ट करते. तो घट्ट होतो खरा. परंतु त्यातील जास्तीचा धागा नाहीसा होत नाही. तो शेजारच्या टाक्यात जातो. आता शेजारचा सैल दिसतो. त्यास ओढावे, तर पुढचा. सर्व ओळ एकाच धाग्याची असल्यामुळे एकाचे उणे-अधिक दुसऱ्यास भोगावेच लागते. कुटुंबातही हेच घडते. एका मुलाला ‘सुधारण्या’साठी जो लक्षाचा आणि मायेचा धागा ओढून घेतला जातो तो दुसऱ्या मुलाच्या वाट्याचा असतो, हे ओढणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. ज्या विणकरणी अनुभवी असतात त्या एका टाक्याचे उणे-अधिक त्याच्या दोन्ही बाजूंच्या चार-पाच टाक्यांत थोडे थोडे वाटून देतात. कोणा एकावर भार पडत नाही आणि दोष कोठे होता ते पुढे सापडतही नाही.

आणि पुष्कळ दोष तर हात न लावताच जातात. लोकरीचे विणलेले वस्त्र कोमट पाण्यात भिजवून, न पिळता टॉवेलात दाबून, सपाट पसरून वाळविले म्हणजे टाके आपापसांत धागा वाटून घेतात आणि कालपर्यंत खडबडीत दिसणारे काम आज शांत दिसते. हा लोकरीचा गुण आहे. कापसाच्या सुताला तो बेताचाच असतो, आणि हल्ली दुकानांतून मिळणाऱ्या कृत्रिम ॲक्रिलिक धाग्याला जवळजवळ नसतोच. म्हणून कोणता दोष काळावर सोपवावा आणि कोणता आजच दुरुस्त करावा, हे ठरविण्यापूर्वी धागा कशाचा आहे ते पाहावे. तरुण मुलांच्या वागण्यावर आपण जे निकाल देतो त्यांपैकी किती निकाल धुण्याच्या आधीचे असतात!

येथे एक आक्षेप येणे स्वाभाविक आहे. कोणी म्हणेल, ‘एकसारखे टाके हवेत कशाला? ते तर यंत्रही काढते. विल्यम ली नावाच्या इंग्रजाने १५८९ सालीच विणण्याचे यंत्र केले. हाताच्या कामात थोडे उणे-अधिक असणे हीच त्याची शोभा.’ हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. यंत्राच्या बरोबरीसाठी जर आजीने डोळे दुखवून घ्यावयाचे असतील तर ते व्यर्थ आहे. परंतु विषमतेचे दोन प्रकार आहेत. एक विषमता केवळ सांगते की येथे माणसाचा हात फिरला होता. दुसरी विषमता ते वस्त्र जो घालील त्यास बाधते. बाळंतविड्यातील लोकरीच्या मोज्यांचेच पाहा. काठ घट्ट असेल तर तान्ह्या मुलाच्या घोट्यावर वळ उठतो, आणि ते बोलून सांगू शकत नाही. आतील टाके सैल असतील तर त्याचे नखाएवढे बोट फासात अडकते. १९६२ साली चीनच्या आक्रमणाच्या वेळी देशभरच्या स्त्रियांनी हिमालयातील जवानांसाठी स्वेटर विणले. तेथे सैल ओळीतून थंड वारा आत शिरत होता. ती काही शोभेची बाब नव्हती. म्हणून कसोटी ही की, दोष विणणारीच्या अभिमानास लागतो की घालणाऱ्याच्या अंगास? पहिला असेल तर सोडून द्यावा. दुसरा असेल तर कितीही ओळी झालेल्या असोत, उसवावे.

उसवण्याचा विषय निघाला म्हणून एक कठीण प्रसंग वाचकांपुढे ठेवतो. असे प्रसंग अनेक घरांत घडतात. दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाच्या बारशासाठी टोपडे विणावयास घेते. टाके वेडेवाकडे येतात. रात्री मूल झोपल्यावर आजी ते हळूच उसवते आणि तेवढ्याच ओळी आपल्या हाताने विणून ठेवते. सकाळी मुलगी पाहते, आनंदते, पुढे विणते. बारशाच्या दिवशी सर्वजण टोपड्याची वाहवा करतात. आजीने योग्य केले की अयोग्य?

आजीच्या बाजूने पुष्कळ बोलता येईल. तिने मुलीचा उत्साह राखला, बाळास चांगले टोपडे मिळाले, कोणाचे काही गेले नाही. तिच्या मनात मायेखेरीज दुसरे काही नव्हते. तरीही आमच्या अल्पमतीप्रमाणे हे योग्य नव्हे, आणि केवळ खोटे बोलू नये एवढ्याच कारणासाठी नव्हे. आजीने त्या मुलीपासून एक वस्तू काढून घेतली. ती वस्तू म्हणजे तिचा स्वतःचा हात. आपला हात घट्ट आहे की सैल हे त्या वेड्यावाकड्या ओळींतूनच तिला कळणार होते. सकाळच्या सुबक ओळी पाहून ती आपल्या हाताविषयी जे समजली ते तिचे नव्हते. पुढे एकटी विणावयास बसेल तेव्हा ओळी पुन्हा वाकड्या येतील, आणि त्या वेळी तिला वाटेल की आपल्याला येत होते ते गेले. न येणे हे दुःख लहान आहे. येत होते ते हरवले असे वाटणे हे मोठे दुःख आहे, आणि ते येथे निष्कारण पदरी आले.

मग आजीने काय करावे? तिने मुलीस जवळ बसवून तिच्याच ओळींवर तिचे बोट फिरवावे आणि म्हणावे, ‘बाय, ह्या ओळीच्या वेळी तू घाईत होतीस. बघ, हे टाके दाटलेत. आणि येथे तुझा हात स्थिर होता.’ बाळाचे बोट अडकेल एवढी मोठी फट असेल तर तेवढे दोघींनी मिळून उसवावे. बाकीचे तसेच राहू द्यावे. ते टोपडे बारशास जावे आणि ‘हे ताईने केले’ असे सर्वांना सांगितले जावे. अशा टोपड्याच्या पहिल्या ओळी वाकड्या आणि शेवटच्या ओळी बऱ्या असतात. बाळ मोठे होऊन ते पाहील तेव्हा आपली बहीण कशी शिकली हे त्यास त्यात वाचता येईल. आजीच्या सुबक हाताची टोपडी घरात पुष्कळ असतात. असे एकच असते.

आम्ही पुरोहिताच्या घरात वाढलो असल्यामुळे दुसऱ्याही एका धाग्याविषयी सांगण्याचा मोह होतो. आता जानवी बहुधा तयारच विकत आणली जातात. परंतु जुन्या रीतीने टकळीवर सूत काढून ती घरी करणारी मंडळी अद्याप अगदीच नाहीशी झालेली नाहीत. ते सूत जोडलेल्या चार बोटांभोवती ९६ वेढे घेऊन मोजतात, त्याचे तीन पदर करून पीळ देतात, पुन्हा तीन पदर करतात, असे नऊ तंतू होतात आणि मग गाठ पडते. टकळीवर सूत काढताना पाहण्यासारखी गोष्ट ही की, तेथे ताण माणूस देत नाही. ताण टकळीच्या वजनाने आपोआप पडत असतो. माणसाने करावयाचे ते एवढेच की, पेळूतून कापूस बेताबेताने सोडावयाचा. अधिक सोडला तर सूत जाड आणि कच्चे होते. कमी सोडला तर बारीक होऊन तुटते. पीळ फार झाला तर ते स्वतःभोवतीच गुंडाळते. एकसारखे सूत काढणारा मनुष्य धागा ओढीत नसतो, तो सारख्या मापाने देत असतो.

सुयांचे रहस्यही निराळे नाही. हाताने ताण निर्माण करावयाचा नसतो. बोटांमधून जाणारी वाट ताण देते, सुईची जाडी माप देते. हाताने फक्त धाग्याला त्या वाटेने प्रत्येक वेळी सारखेच सोडावयाचे असते. आरंभी आपण विचारले होते की समता ओढून आणता येते काय. त्याचे उत्तर येथे मिळते. समता ओढण्यात नसते, ती सोडण्याच्या मापात असते. पूर्ण सोडून दिले तर धागा लोंबतो, तेथे वस्त्रच होत नाही. म्हणून ही आळसाची शिकवण नव्हे. धागा धरलेलाच असला पाहिजे, आणि धरलेल्या बोटांतून तो चालतही राहिला पाहिजे. धरणे आणि सोडणे या दोन क्रिया एकाच वेळी करावयाच्या, हे कोणत्याही साधनेइतकेच कठीण आहे, आणि तितकेच सवयीने साध्य होणारे आहे.

आता ‘संतान’ शब्दाकडे वळू. आपल्या पेडणे तालुक्यात मोपा येथे ५ जानेवारी २०२३ पासून विमाने येऊ-जाऊ लागली. पूर्वी मुलगा मुंबईस गेला तरी घर हळहळत असे. आता शेजारच्या गावाएवढ्या अंतरावरून तो एका रात्रीत समुद्रापलीकडे जातो. आमच्या पेडणे-डिचोलीच्या घरांतून मार्गशीर्ष-पौषातील पहाटेचा गारवा सोडला तर लोकरीची फारशी गरज कधी नव्हती. आज इकडच्या आज्या मोठमोठे स्वेटर विणतात ते बर्फाच्या देशांतील नातवंडांसाठी. म्हणजे धागा अक्षरशः समुद्र ओलांडून गेला आहे. आणि त्याबरोबर प्रत्येक घरात तोच प्रश्न उभा आहे, की किती ओढावे?

कोणी रोज दोनदा फोन करून, ‘कधी येणार, केव्हा येणार’ म्हणून ओढीत राहतात. धागा तुटत नाही. परंतु टाका दाटतो, आणि पुढच्या वेळी बोलण्याची सुई आत शिरेनाशी होते. मुलगा फोन घेतो, पण सांगत काही नाही. दुसरे कोणी रागाने वा अभिमानाने म्हणतात, ‘गेला तो गेला, आम्ही विचारणार नाही.’ तेथे धागा लोंबतो आणि फट पडते. या दोहोंच्या मधली वाट म्हणजे अर्धी माया आणि अर्धी उपेक्षा असे गणित नव्हे. ती वाट ही, की आपल्या बाजूने धागा सदैव हातात असावा, रोज त्याच रीतीने धरलेला असावा, आणि त्यास लागेल तेवढा पुढे जाऊ द्यावा. ज्यास ठाऊक असते की मागे बोटे आहेत आणि ती ओढणार नाहीत, तो मागे वळून पाहतो.

आमच्या या विवेचनात काही उणे राहिले असल्यास विणकामात मुरलेल्या भगिनींनी ते अवश्य सांगावे. त्यांच्या बोटांचा अधिकार आमच्या लेखणीहून मोठा आहे. आमची विनंती एवढीच की, दिवाळीनंतर सुया बाहेर निघतील तेव्हा घरातील मुलींना आणि मुलांनाही जवळ बसवावे. विणकाम केवळ स्त्रियांचे, ही समजूत जुनी नाही. युरोपात एके काळी त्याचे पुरुषांचे संघ होते. मुलांना पहिल्या दिवशी टाका घालावयास शिकवू नये. त्यांच्या बोटांतून नुसता धागा फिरवून द्यावा आणि तो न ओढता, न सोडता धरावयास सांगावे. दहा सेंटिमीटरचा एक नमुना त्यांच्याकडून विणवून घ्यावा, त्यावर त्यांचे नाव आणि साल घालून ठेवून द्यावे. पुढच्या वर्षी दुसरा विणवावा. दोन्ही शेजारी ठेवले म्हणजे मुलांना काही सांगावे लागणार नाही.